काजळ घालावं, पण खोकं वाचून



गेल्या फाल्गुनात, अष्टाह्निका सुरू व्हायच्या आदल्या दिवशीची गोष्ट. सूनबाईने नातवासाठी नाश्त्याचं एक नवीन पाकीट आणलं होतं. मी सवयीने चष्मा लावून त्याची मागची बाजू वाचली. यादीत सातव्या की आठव्या नावापाशी मध सापडला. मी पाकीट बाजूला ठेवलं आणि मद्य, मांस, मधु या तिन्हींच्या त्यागावर चांगली दहा मिनिटं बोलले. सूनबाई चाकणला गाड्यांच्या सुट्या भागांच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे. हातातला कागद आणि समोरचा माल ताडून पाहणं हेच तिचं दिवसभराचं काम. तिने सगळं निमूट ऐकून घेतलं. रात्री माझ्या खोलीत आली, आरशाखालच्या खणातून माझ्या काजळ पेन्सिलीचं खोकं काढलं आणि म्हणाली, "आई, पाकिटं वाचता तसं हेही एकदा वाचता का?"

वाचलं. दुसऱ्याच क्रमांकावर 'सेरा अल्बा' असं नाव होतं. मला वाटलं, एखाद्या झाडाचं नाव असेल. तिने मोबाइलवर अर्थ काढून दाखवला: मधमाश्यांचं मेण.

मध मी जन्मात चाखलेला नाही. औषध चाटवायलाही आमच्या सांगलीकडच्या घरात आई साखरेचा पाक करायची. आणि त्याच पोळ्याचं मेण मी बारा वर्षं रोज सकाळी डोळ्यांत घालून देवदर्शनाला जात होते. मी बी.कॉम. झालेली बाई. घराचा हिशेब चाळीस वर्षं पैशापैशाचा ठेवला, पण या एका खणाचं ऑडिट कधी केलंच नव्हतं. त्या रात्री लाज वाटली, हे कबूल करते.

दुसऱ्या दिवशी दोन सख्यांना हे सांगितलं. एक म्हणाली, "डोळ्याला लावतो, पोटात थोडंच जातं?" दुसरी म्हणाली, "म्हणूनच म्हणते, आपल्या वयात हे नट्टेपट्टे हवेत कशाला? सगळं फेकून दे." मला दोन्ही पटलं नाही, आणि का पटलं नाही तेच आज लिहिते आहे.

पोटात जात नाही म्हणून चालतं, असं म्हणायचं तर चामड्याचा पट्टाही पोटात जात नाही. तरी तो काढून ठेवल्याशिवाय आपण मंदिरात पाऊल टाकत नाही. आपल्यातल्या कितीतरी जणींनी रेशमी साड्या सोडल्या, त्या काय खायच्या होत्या म्हणून? हिंसेचा प्रश्न वस्तू कुठून आली याचा आहे, ती शरीरात कुठल्या वाटेने जाते याचा नाही.

आणि सगळं फेकून द्यायचं म्हणणाऱ्या सखीला मी 'रत्नकरंड श्रावकाचार' उघडून दाखवला. आचार्य समंतभद्रांनी उपवासाच्या दिवशी काय काय सोडावं ते सांगितलं आहे. त्यात अलंकार, गंध, फुलं, स्नान यांच्याबरोबर अंजनही आहे. अंजन म्हणजे आपलं काजळच. माझ्या साध्या बुद्धीला यातून एवढं कळतं की, उपवासाच्या दिवशी सोडायला सांगितलं, म्हणजे एरवी गृहस्थाश्रमातली बाई ते घालते हे आचार्यांनी गृहीत धरलं होतं. श्रावकाच्या मूलगुणांत मधाचा त्यागही त्याच ग्रंथात सांगितला आहे. दोन्ही एकत्र वाचलं तर वाट सरळ आहे. काजळ घाला, पण ते मधाच्या पोळ्यातून आलेलं नसावं. आणि उपवासाच्या दिवशी तेही नको.

म्हणून हा लेख. वसंत आला की आपल्याकडे डोळे सजवायचे प्रसंग रांगेने येतात. पाडवा, महावीर जयंतीची शोभायात्रा, अक्षय तृतीया, मग लग्नं. खरेदी याच दिवसांत होते. तेव्हा दुकानात उभं राहून काय वाचायचं, ते आधी सांगते.

पहिली गोष्ट, खोकं फेकू नका. काजळाच्या पेन्सिलीवर जागा नसते म्हणून घटकांची यादी बहुधा बाहेरच्या कागदी खोक्यावर असते, आणि आपण घरी आल्याबरोबर तेच केरात टाकतो. यादी इंग्रजीत आणि मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत असते. मोबाइलने फोटो काढून मोठा करा, म्हणजे वाचता येते.

यादीत ही नावं शोधा. 'सेरा अल्बा', 'सेरा फ्लावा' किंवा 'बीज्‌वॅक्स' म्हणजे मधमाश्यांचं मेण. आयुर्वेदिक म्हणून विकल्या जाणाऱ्या काजळावर तेच 'मधुच्छिष्ट' या संस्कृत नावाने येऊ शकतं, त्यामुळे पाकिटावर पानंफुलं छापली आहेत म्हणून निश्चिंत होऊ नका. 'लॅनोलिन' म्हणजे मेंढीच्या लोकरीतली चरबी. 'शेलॅक' म्हणजे लाखेच्या किड्यापासून मिळणारी लाख, ती काही मस्काऱ्यांत असते. त्याऐवजी 'कँडेलिला' किंवा 'कार्नौबा' मेण लिहिलेलं दिसलं तर ती वनस्पतींची मेणं आहेत. 'सिंथेटिक बीज्‌वॅक्स' असं लिहिलं असेल तर ते कारखान्यात बनवलेलं, त्यात मधमाशी नाही.

आता रंग. रंगांना नावाऐवजी 'सीआय' आणि पुढे पाच आकडी क्रमांक असतो. त्यातले दोनच पाठ करा. ७५४७० म्हणजे कार्माइन. निवडुंगावर वाढणारे कोचिनील नावाचे किडे वाळवून, कुटून हा लाल रंग काढतात. त्याचं सर्वांत मोठं उत्पादन पेरू देशात होतं, आणि एक किलो रंगासाठी लाखाहून अधिक किडे लागतात. दुसरा क्रमांक ७५१७०, म्हणजे ग्वानिन. हा माशांच्या खवल्यांतून काढलेला मोत्यासारखा चकाकणारा पदार्थ आहे. याउलट ७७ ने सुरू होणारे क्रमांक खनिजांचे किंवा काजळीसारख्या निर्जीव पदार्थांचे असतात. ७७४९९ म्हणजे काळा लोह ऑक्साइड, ७७२६६ म्हणजे कार्बनची काजळी, ७७००७ म्हणजे निळा अल्ट्रामरीन, ७७०१९ म्हणजे अभ्रक.

यातून एक सोपा ठोकताळा निघतो. काळा, तपकिरी, राखाडी, निळा या रंगांत कार्माइनची भीती कमी. गुलाबी, डाळिंबी, जांभळा, वाईनसारखा लाल यांत जास्त. आणि फार चमचमणारं असेल तर ग्वानिन नाही ना, ते पाहायचं. वसंत आला की दुकानांत नेमके हेच गुलाबी आणि चकाकणारे आयशॅडो पुढे मांडलेले असतात, म्हणून याच दिवसांत जास्त सावध राहायला हवं.

'क्रुएल्टी फ्री' आणि 'व्हीगन' या दोन शब्दांत गल्लत करू नका. पहिल्याचा अर्थ एवढाच की प्राण्यांवर चाचणी केलेली नाही. आपल्या देशात सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करण्यावर २०१४ सालीच बंदी आली, आणि तशी चाचणी केलेला माल आयात करण्यावरही त्याच वर्षी आली. म्हणजे इथे बनलेल्या काजळावर ते लिहिलं असेल, तर कायद्याने जे करायलाच हवं तेच केल्याचं कंपनी सांगते आहे. त्या काजळात मधमाश्यांचं मेण असू शकतं. 'व्हीगन' म्हणजे प्राणिजन्य घटक नाही. आपल्याला तो शब्द हवा.

ग्लिसरीन आणि स्टिअरिक ॲसिड ही दोन नावं मात्र यादीवरून उलगडत नाहीत. ती वनस्पतीच्या तेलापासूनही होतात आणि प्राण्यांच्या चरबीपासूनही. २०१४ मध्येच केंद्राने साबण, शाम्पू, टूथपेस्ट आणि सौंदर्यप्रसाधनांच्या वेष्टनावर खाद्यपदार्थांसारखा हिरवा किंवा तांबडा-तपकिरी ठिपका असावा असा नियम केला होता. माझ्या खणातल्या आठ वस्तूंपैकी तीनच वस्तूंवर हिरवा ठिपका सापडला. बाकी पाचांवर काहीच नव्हतं.

मग मी तीन कंपन्यांना ईमेल केली. पत्ता खोक्यावर असतोच. एकीने उत्तर दिलं की आमचं ग्लिसरीन पामतेलापासूनचं आहे. दुसरीने कळवलं की आम्ही प्राण्यांवर चाचण्या करत नाही, जे मी विचारलंच नव्हतं. तिसरीकडून अजून उत्तर नाही. पहिलीचं काजळ मी आता वापरते. माझं म्हणणं असं की, आपण विचारायला लाजतो कशाला? प्रसाधनं काही आता सातासमुद्रापलीकडून येणारी वस्तू राहिलेली नाहीत. मेबेलिन ज्या लॉरिआलची, तिचा कारखाना आपल्याच पट्ट्यात चाकणला आहे. आपली मुलं, सुना, शेजारणी याच पट्ट्यातल्या कारखान्यांत मालाच्या एकेका नगाची तपासणी करतात. गिऱ्हाइकाने एक प्रश्न विचारला तर आकाश कोसळत नाही. शंभर जणींनी तोच प्रश्न विचारला तर कंपनीला तो ऐकावाच लागतो.

ब्रशही पाहून घ्या. मऊ लागणारे महागडे ब्रश खार किंवा बकरीच्या केसांचे असू शकतात. नायलॉनचे घ्या, धुवायलाही सोपे. लग्नात मुली खोट्या पापण्या लावतात, त्यांवर 'मिंक' लिहिलं असेल तर ते त्या प्राण्याचे केस आहेत.

इथपर्यंत वाचून काही जणी म्हणतील, त्यापेक्षा घरीच काजळ पाडावं. मलाही तसंच वाटलं होतं. माझी आई एरंडेलाची वात लावून, दोन वाट्यांवर तांब्याची ताटली पालथी घालून काजळी धरायची आणि ती लोण्याइतक्या मऊ तुपात खलायची. संध्याकाळी हे काम तिने कधी केलं नाही. ज्योतीवर पाखरं येऊन जळतात, म्हणून भर दुपारी, खिडक्या लावून, शेजारी बसून राहायची. ही तिची जयणा आठवली की आजही बरं वाटतं. पण घरचं म्हणजे आपोआप निर्धोक असं नाही. तुपातलं काजळ लवकर खराब होतं, आणि बोट डबीत, तेच बोट डोळ्यात असं चाललं की जंतू त्यात घर करतात. पाडायचंच असेल तर थोडंसं पाडा, आठवडाभरात संपवा, आणि बोटाऐवजी स्वच्छ काडीने घ्या. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत मात्र कुठलंच काजळ घालू नका, डॉक्टर नको म्हणतात ते कारणाशिवाय नाही. दृष्ट लागू नये म्हणून तीट हवी तर तळपायाला लावा. आणि सुरम्यापासून तर लांबच राहा. तो पारंपरिकरीत्या ज्या दगडापासून करतात त्यात शिसं असतं.

आता लावण्याबद्दल. चैत्रात आपल्या इथली हवा डोळ्यांना फार अनुकूल नसते. झाडांचा मोहोर, वाऱ्यावरचे परागकण, त्यात रस्त्यांची आणि निगडीपर्यंत चाललेल्या मेट्रोच्या कामाची धूळ. या ऋतूत डोळ्यांना खाज सुटणारा एक आजार मुलांमध्ये विशेष दिसतो. त्याच्या इंग्रजी नावातला 'व्हर्नल' हा शब्दच वसंतावरून आला आहे. म्हणून पहिला नियम असा की, डोळा लाल असेल, चुरचुरत असेल, चिकट पाणी येत असेल, तर त्या दिवशी काहीही लावायचं नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली असेल तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत काजळाची पेन्सिल कुलपात.

दुसरा नियम, पापणीच्या आतल्या ओल्या कडेला काजळ भरू नका. आपण सगळ्या तसंच शिकलो, मीही. पण त्या कडेला बारीक तेलाच्या ग्रंथी असतात, त्यांची तोंडं बुजतात. साठीनंतर आधीच डोळे कोरडे पडतात, त्यात ही भर. केसांच्या मुळांशी, बाहेरच्या बाजूने लावा. तेवढ्यानेही डोळा उठून दिसतो.

उन्हात काजळ पसरू नये म्हणून लावण्याआधी पापणीवरचं तेल आणि घाम स्वच्छ रुमालाने टिपून घ्या. वरच्या पापणीच्या मुळाशी सलग रेघ न ओढता जवळजवळ ठिपके द्या, आणि मग ब्रशने ते जोडा. त्यावर त्याच रंगाचा, न चकाकणारा आयशॅडो अगदी थोडा दाबून बसवा. हा कोरडा थर काजळाला धरून ठेवतो. शोभायात्रेत उन्हात चालायचं असेल तर खालच्या पापणीला काहीच लावू नका, कारण डोळ्याखाली जे काळं उतरतं ते बहुतेक तिथूनच.

आपल्या वयासाठी काळ्यापेक्षा तपकिरी बरा. पांढऱ्या होत चाललेल्या भुवयांखाली कुळकुळीत काळी रेघ कोरडी आणि कठोर दिसते. चकाकणारा रंग सुरकुत्यांत जाऊन बसतो आणि त्या मोजून दाखवतो, म्हणून मंद, मातकट रंग घ्या: बदामी, दालचिनीसारखा, विटकरीकडे झुकणारा. पाडव्याच्या पिवळ्या-हिरव्या साडीवर आणि शोभायात्रेच्या केशरी साडीवर हे दोन्हीकडे जातात. पापणी थोडी खाली उतरली असेल तर डोळा मिटून नव्हे, उघडा ठेवून आरशात समोर बघत रेघ कुठवर दिसते ते ठरवा. आणि चष्मा प्लसचा असेल तर काचेतून डोळा मोठा दिसतो, म्हणून हात आवरता ठेवा.

मस्कारा उघडल्यापासून तीन महिन्यांत संपवा किंवा टाका. उघडल्याची तारीख पेनाने त्याच्यावरच लिहून ठेवा. दुकानदार जुना माल आधी काढतो, तसंच आपणही करायचं. काजळ आणि मस्कारा मायलेकींनी, जावाजावांनी वाटून घ्यायची वस्तू नाही. लग्नात पार्लरवाली आली तर ब्रश धुतलेत का ते विचारा, किंवा आपलं काजळ आपणच द्या. रात्री झोपण्याआधी कापसावर थोडं खोबरेल घेऊन अलगद पुसा आणि मग पाण्याने धुवा.

शेवटी किती असावं? आपल्या व्रतांत भोगोपभोग परिमाण आहे, म्हणजे वापरायच्या वस्तूंची मर्यादा आधीच ठरवून घ्यायची. मला हे व्रत कॉमर्सच्या बाईसाठीच सांगितल्यासारखं वाटतं. मी एका वहीत लिहिलं: एक तपकिरी काजळ, एक मस्कारा, दोन आयशॅडो, दोन ब्रश. सहा वस्तू. नवीन हवी असेल तर जुनी संपली पाहिजे. अष्टाह्निकेत आणि अष्टमी-चतुर्दशीच्या उपवासाला खण बंद. पूर्वी या खणात चौदा वस्तू निघाल्या होत्या. त्यातल्या पाच मुदत संपलेल्या होत्या आणि तीन मी एकदाही वापरल्या नव्हत्या. ज्या वस्तूचा उपभोगही झाला नाही तिच्यासाठी कुठल्यातरी पोळ्याची, कुठल्यातरी किड्यांची हिंसा मात्र झाली. हिशेबाच्या भाषेत याला निव्वळ तोटा म्हणतात.

ते बारा वर्षांचं काजळ मी टाकून दिलं. झाल्या चुकीचं प्रतिक्रमणात आलोचन केलं आणि विषय तिथे संपवला. काजळ घालणं सोडलं नाही. नवीन काजळ पहिले चार दिवस नीट बसेना, पसरायचं. हात बसायला वेळ लागला. गेल्या महावीर जयंतीला अकरा वाजेपर्यंत उन्हात चालून आल्यावर आरशात पाहिलं तर रेघ जागेवर होती.

नाश्त्याचं ते पाकीट सूनबाईने दुसऱ्या दिवशी स्वतःहून बदलून आणलं. आता आम्ही दोघी बरोबरच दुकानात जातो. खाण्याच्या पाकिटांची मागची बाजू मी वाचते, प्रसाधनांची ती. तिची नजर माझ्यापेक्षा बारीक आहे, हे मी आता दुकानदारासमोरही सांगते.